इस्टेट इकली, बाई

बाई, इस्टेट इकली.

ओरडू नको. आधी पुरतं ऐक, मंग काय शिव्या द्यायच्या त्या दे. तुह्या मतानं तं माणूस गेला म्हणजे गेला, मांगं ऐकाले कोणी बसेल नसते. जिंदगीभर तू हेच सांगत आली. तरी मी बोलून राह्यली, कारण घरात काही नवं आलं अन् ते तुले सांगतलं नाई, असं आजवर एकदाबी झालं नाई. अन् ह्या खेपीची बातमी मोठी हाय. दारात जीप उभी हाय. चारही चाकं ओढणारी. हिरवी. जुनीच हाय, पण सकाळी तोंड न धुता मी अंगणात जाऊन तिले पाहून येते. किसन म्हणते, लग्न झालं तव्हा मले तरी असं पाह्यलं होतं काय? म्या म्हटलं, तुम्ही कुठं चिखल चढून दाखवला होता.

तुह्या आसेगावात बातमी माह्याआधी पोचली. काकाचा नामदेव मोटरसायकल घेऊन मंगरूळले आला, चहालेबी नाई म्हटलं, अन् तोंड पाडून बसला. मोठ्या बहिणीले जाऊन दोन महिने नाई झाले अन् इस्टेट इकली म्हणतात लोक, आमाले एका शब्दानं इचारलं नाई, असं त्याचं म्हणणं. म्या म्हटलं, अरे बापा, गाडी इकली, वावर जागेवर हाय. त्याले पटेना. गाडीले कोणी इस्टेट म्हणते काय, म्हणे.

हा सारा तुहा घोळ. नऊ वर्षांपहिले ते लांब पांढरी गाडी म्या आणली, डिक्कीपर्यंत छत अन् काचा असलेली, तव्हा तिच्या कागदावर इस्टेट लिहेल होतं अन् किसननं ते मोठ्यानं वाचलं. बस, तू गावभर सांगत सुटली, सुनंदानं इस्टेट घेतली. तहसीलातली कारकून बाई इस्टेट घेते म्हणजे काय? लोक पेढे मांगाले आले. माह्या पोरीले दोन स्थळं आले, तेबी नोकरीवाले. म्या तुले म्हटलं, सांग आता त्याइले खरं. तू म्हणे, कायले सांगू, स्थळं चांगली हायेत.

पण गाडी कामाची होती, ते नाई म्हणत नाई मी. तुहं गाणं, माही पेटी, किसनची ढोलकी, दोन स्पीकर, तारांचं गाठोडं, सारं मांगं मावे. वर्षावासाचे तीन महिने गावोगावच्या विहारात ग्रंथ वाचतात अन् मधात कधी आपली पार्टी बोलावतात, तव्हा आपण तिघं त्या गाडीत. पांढरी अन् लांब, म्हणून पोट्टे दुरूनच ओरडत, दवाखान्याची गाडी आली. एका गावात तं एक म्हातारा शर्ट वर करून येऊन बसला. तू त्याले हाकललं नाई. काय दुखते इचारलं, त्याचं सारं ऐकून घेतलं, अन् मंग म्हणे, आता बसा बाबा, औषध गाण्यात हाय. तो शेवटपर्यंत बसला. येताना तू मांगं सतरंजी टाकून आडवी होत, पाय लांब करून, अन् झोपेतबी किसनचा ठेका कुठं चुकला ते सांगत. आरशात मले तुहे पाय दिसत.

आता मागच्या सालची गोष्ट. तुले आठवते, मले तं अजून चटका बसते. मेडशीच्या पलीकडची ते वस्ती, रस्ता सोडून पांदणीनं आत जायचं, मधात नाला. भादव्याची पुनव होती. पाऊस दोन दिवस पडून गेलेला, अन् आपली काळी माती कशी, तुले काय सांगाचं, वरून सुकली दिसते अन् आत लोण्यासारखी. आपली लांबडी गाडी नाल्याच्या अलीकडेच पोटावर बसली. टॅक्टरनं मांगं ओढली, पुढं काही जाता आलं नाई. पलीकडच्या चढावर वस्तीवरच्या बाया पांढरे लुगडे नेसून उभ्या. आपल्याकडे पाहत होत्या. त्याइनं सकाळपासून स्वयंपाक करेल होता. तू नाल्याच्या काठावर उभी राहून, हात वर करून, ओरडून सांगतलं, पार्बताबाई, पुढच्या साली येतोच! पार्बताबाई म्हणजे वस्तीवरची ते सत्तरीची, विहाराची किल्ली जिच्या कमरेले असते ते. तिनं पलीकडून हात केला.

तवाच म्या म्हटलं, जीप घेऊ. त्या टॅक्टरवाल्याच्या भावाची जीप बाजूले उभी होती, तिच्या पाठीवर चाराचा आकडा, मधात फुली, पुन्हा चार. तू वाचून म्हणे, चार चोक लिहेल हाय, सोळा लिहाले जागा पुरली नाई काय? आपण चिखलात हसलो. पण सालभर जीपचं नाव काढलं की तुहं तोंड फिरे. जीपमंदी मले मळमळते. जीप पोलिसाची असते. जीपमंदी पाठ मोडते. नवं कारण दर आठवड्याले. अन् ह्या मृगात, पेरणीच्या आधी, तुह्या अंगणात मी हट्टाले पेटली, तव्हा तू म्हणे, "मी हाय तोवर हे गाडी इकायची नाई."

अन् म्या म्हटलं, "तुले गाडी नाई पायजे, खाट पायजे. झोपाले."

जोत्यावरून उठाले तुले येळ लागला, तेबी म्या पाह्यलं, अन् मले वाटलं नाटक करते. आठ दिवस तुहा फोन नाई, म्याबी केला नाई. नवव्या दिवशी तू यष्टीनं आली, पिशवीत मेथीची जुडी, जसं काही झालंच नाई. म्याबी विषय काढला नाई. म्हटलं, बोलू सवडीनं. तीन आठवड्यांनी तू गेली. सवड आली नाई, बाई.

तुले वाशीमच्या दवाखान्यात नेलं तेबी त्याच गाडीतून, त्याच सतरंजीवर. आरशात तेच पाय. त्यानंतर मी तो आरसा खाली वाकवून गाडी चालवाले लागली. मांगून कोण येते ते दिसेना. एकदा टॅक्टर ठोकता ठोकता वाचला.

पुण्यानुमोदनाले पार्बताबाई यष्टीनं आली होती, तुह्या फोटोपुढं मेणबत्ती लावून गेली. मंग महिनाभरानं तिचा फोन. म्हणे, बाई गेली, आता तुमी ह्या साली येण्याची तकलीफ घेऊ नका, आमी समजून घेतो. पण फोन ठेवेना. मंग म्हणे, तरी पुनवेले आमी स्वयंपाक करणारच हाओत.

आता तूच सांग, म्या काय करावं? तुहे दोन शब्द माह्या गळ्यात. गाडी इकायची नाई, हा एक. पुढच्या साली येतोच, हा दुसरा. त्या पांदणीत लांबडी जात नाई, जीप आणाले लांबडी इकणं भाग. एक पाळावा तं दुसरा मोडते. तुले इचारावं तं तू फोटोत. म्या चार दिवस जेवण धड केलं नाई. पाचव्या दिवशी म्हटलं, वस्तीवरच्या बाया जित्या हायेत, त्या वाट पाहून राह्यल्या. तुहा पहिला शब्द म्या मोडला. मोडला अन् मनात गाठ बसली, ते तशीच राह्यली.

पण जीप कशी घेतली ते ऐक, तू असती तं पोट धरून हसली असती. मालेगावकडं एक भाजीवाला बागाईतदार, त्याची जीप. मी अन् किसन पाहाले गेलो. म्या सारं पाह्यलं, रंग, शिटा, टायर. चार चाकांचं लिवर ओढून पाह्यलं, खट्‌कन बसलं. पाठीवर चार चोक. म्या म्हटलं, पसंत. संग शकूर मिस्त्रीले नेलं होतं, आपल्या मंगरूळच्या गॅरेजवाल्याले. त्यानं काहीच इचारलं नाई, अंगाखाली पोतं घेतलं अन् गाडीखाली घुसला. बराच वेळ नुसते त्याचे पाय दिसत. मंग खालूनच आवाज आला, "मॅडम, लिवर तो है. आगे कुछ जाता नहीं."

पुढच्या चाकांकडं ताकद नेणारा तो लोखंडी दांडा, तोच नाई. डिझल जास्ती खाते म्हणून मालकानं दोन वर्षांपहिले काढून टाकेल. लिवर नुसतं शोभेले. मिस्त्रीनं इचारलं, दांडा कुठं हाय? मालक डोकं खाजवे. हाय, हाय, म्हणे, घरीच हाय. चला म्हटलं, दाखवा. त्यानं आमाले गोठ्यात नेलं. दांडा अर्धा जमिनीत गाडेल, अन् त्याले म्हैस बांधेल. खुंटा! असा मजबूत खुंटा पंचक्रोशीत नाई, असं मालक वरून सांगे. मिस्त्री तिथंच खाली बसून हसाले लागला, किसनले उचकी लागली, अन् मले, बाई, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसू आलं, डोळ्यातून पाणी येईपर्यंत. म्हैस सोडली, दुसरा लाकडी खुंटा ठोकला, तिनं तो संध्याकाळच्या आत उपटला असं मंग मालकानं फोनवर सांगतलं. मिस्त्रीनं दांडा घासून, दोन्ही टोकांचे सांधे नवीन टाकून बसवला. अन् मले तीनदा बजावलं. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक गोल टोपी हाय, ते आधी हातानं फिरवाची, मंग लिवर. टोपी नाई फिरवली तं पुढचे चाकं झोपेल राहतात. म्या म्हटलं, मिस्त्री, मी तहसीलात वीस वर्षं कागद सांभाळून राह्यली, दोन गोष्टी माह्या ध्यानात राहतात.

नाई राह्यल्या.

पुनवेच्या दिवशी दुपारी निघालो. पेटी, ढोलकी, स्पीकर, अन् तुहा फोटो किसनच्या मांडीवर. म्या पांढरं लुगडं नेसलं, तुहंच, निळ्या काठाचं. पांदणीले लागलो तव्हा ऊन होतं. नाल्यात पाणी घोट्याइतकं, पण पलीकडचा चढ काळाभोर, ओला. पलीकडं बाया उभ्या. तशाच, पांढरे लुगडे. म्या लिवर ओढलं, खट्‌ बसलं, अन् घातली नाल्यात. पाणी पार केलं. चढावर अर्ध्यात गेली अन् मांगची चाकं गरगर. चिखलाचा गारा उडून काचेवर. पुढं हालेना. उलट मांगं सरके.

किसन हळूच म्हणे, मी उतरून टॅक्टर पाहतो.

तव्हा मले रडू फुटलं, बाई. स्टेरिंग धरून रडली. तुहीच चीड आली. म्हटलं, गाडी इकू नको म्हणत होती, घे, झालं तुह्या मनासारखं, तुहा एक शब्द मोडला अन् दुसराबी हातचा चालला. नाक पुसाले खिडकीकडं तोंड केलं अन् खाली पुढचं चाक दिसलं. शांत. गाऱ्यात बसेल, जरासंबी फिरेल नाई. झोपेल! तव्हा टोपी आठवली.

दार उघडलं अन् उतरली. पिंढऱ्यांपर्यंत गारा. पलीकडून पार्बताबाई ओरडे, अवं लुगडं, लुगडं! कायचं लुगडं. ह्या चाकाची टोपी फिरवली, वाकून, त्या चाकाची फिरवली, एक पाय रुतला तो उपसून काढला, चप्पल तिथंच राह्यली. येऊन बसली. पहिला गिअर. हळू सोडला. अन् बाई, पुढच्या चाकांनी जमीन धरली ते मले हातात कळलं. जसं कोणी पुढून दोरी धरून ओढून राह्यलं. जीप एकदम जागची उठली, हालत डुलत, पण थांबली नाई, एकदाबी थांबली नाई, अन् चढाच्या माथ्यावर बायाइच्या मधात जाऊन उभी राह्यली. मी ओरडली. काय ओरडली ते ठाऊक नाई, किसन म्हणते तुहं नाव घेतलं. त्यानं बसल्या जागी ढोलकीवर थाप मारली. बाया हसून राह्यल्या, रडून राह्यल्या, अन् मी कमरेपासून वर पांढरी अन् खाली काळी. पार्बताबाईनं माहे पाय धुतले, मी नाई नाई म्हणत असताना.

विहारात तुहा फोटो ठेवला. म्या पेटी धरली अन् सवयीनं तुही पट्टी लावली. पहिली ओळ उचलली बायाइनं, अन् कोणाचाच आवाज पोचेना. मधातच साऱ्या फुटल्या, खोकल्या, हसाले लागल्या. एक म्हणे, बाईचा गळा होता का पिपाणी होती? दोन सूर खाली घेतलं, मंग जमलं. तीस बायाइनं तुहे गाणे म्हटले. बेसूर होत्या काही, खोटं सांगत नाई. पण एक शब्द कोणाचा चुकला नाई. तू कव्हा शिकवले त्याइले, मले ठाऊक नव्हतं.

इतकं झालं तरी मनातली गाठ सुटली नव्हती. दुसरा शब्द पाळला, पहिला तं मोडलाच होता. जीप पाहून मन उड्या मारे, अन् मंग तुहं वाक्य आठवे, मी हाय तोवर. तू नाईस म्हणूनच इकता आली न, असं मनात येई, अन् घास कडू होई.

शनवारी आसेगावले गेली, तुह्या घराचं कुलूप पाहाले. यष्टीच्या थांब्यापाशी गजूचं वेल्डिंगचं दुकान, त्यानं जीप पाह्यली अन् डोळ्यावरचा काळा चष्मा वर सारून रस्त्यात आडवा झाला. म्हणे, मावशी, आली का शेवटी? मले समजेना. तो आत गेला अन् कोपऱ्यातून एक लोखंडी पायरी घेऊन आला. रुंद, कडेनं गोल केलेली, वर जाळी पाय घसरू नये म्हणून, अन् निळा रंग. मृगातच करून ठेवली म्हणे, बाईनं सांगतली होती, पैसे तवाच देऊन गेली, गाडी येईन तव्हा लावशील म्हणून.

म्या इचारलं, कव्हा आली होती? त्यानं सांगतलं, पेरणीच्या आधी, दोनदा आली. माप द्यायले. त्यानं तुले विटांवर पाय ठेवाले लावला. एक वीट, चढली. दोन विटा, दाराले धरून चढली. तिसरी ठेवली, पाय वर गेलाच नाई. गजू म्हणे, बाईच्या डोळ्यात पाणी आलं, पण म्हणे, लिही, दोन विटा. अन् जाता जाता सांगून गेली, "सुनंदाले सांगू नको. ते जीप आणीन, तव्हा मी तिच्या दारात जाऊन चढून दाखवीन."

त्या आठ दिवसांत, बाई. तू रुसेल नव्हती. तू विटांवर पाय ठेवून पाहून राह्यली होती. तुले मळमळत नव्हतं, तुले जीपमंदी चढता येत नव्हतं, अन् ते तू साऱ्या दुनियेले सांगतलं असतं, धाकट्या बहिणीले नाई. काहून नाई सांगतलं? अन् म्या काहून नाई इचारलं? मी गजूच्या दुकानात लोखंडाच्या तुकड्यांवर बसून रडली, तो बिचारा पाणी आणे, पंखा लावे. मंग पायरी लावून घेतली. डाव्या बाजूनं, तू बसली असती तिकडं.

काल रविवारी वस्तीवर गेली. पार्बताबाईले डोळे दाखवाले वाशीमले न्यायचं कबूल केलं होतं. टोपी आधी फिरवली, हसू नको. नाला अस्सा पार केला. पार्बताबाई काठी टेकत आली, जीपची उंची पाहून तिचं तोंड उतरलं, मंग खाली पायरी दिसली. तिनं पाय ठेवला. बरोबर बसला. दुसरा उचलला अन् कोणाचा हात न धरता आत जाऊन बसली, अन् वरून पायरीकडं वाकून पाहत राह्यली.

म्हणे, "जिनं हे माप घेतलं, तिले गुडघ्याचं दुखणं ठाऊक असन."

म्या म्हटलं, "तिले होतं. मले ठाऊक नव्हतं."

पार्बताबाईनं माह्या हातावर हात ठेवला. म्हणे, "आता झालं न ठाऊक? काढ मंग गाडी, माह्यासारख्या अजून चार जणी हायेत वस्तीवर."